शिशाचे शिपाई आणि पराभूतांचा पक्ष

खेळाचे नियम त्या खेळापुरतेच असतात, डाव मोडला की त्यांचा अंमलही संपतो, अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे. सोंगट्यांचा पट गुंडाळला की दानाचा प्रश्न उरत नाही. बुद्धिबळाची पेटी मिटली की वजीर आणि प्यादे एकाच लाकडाचे ठरतात. बहुतेक खेळांच्या बाबतीत ही समजूत खरीही आहे. परंतु जो खेळ एखादे प्रत्यक्ष घडून गेलेले युद्ध मेजावर पुन्हा मांडू पाहतो, त्याच्या नियमांना ही सवलत देता येत नाही. अशा खेळाचा नियम म्हणजे इतिहासावरील भाष्यच होय. कोणाची पलटण किती चालेल, कोणती किती वेळ तग धरील, कोणास आज्ञा समजेल आणि कोण नुसता आरडाओरडा करीत धावून येईल, हे ज्याने फाशांच्या आकड्यांत बांधून ठेविले, त्याने त्या युद्धाचा अर्थ खेळाडू मेजाशी येण्यापूर्वीच लावून ठेविलेला असतो. म्हणून अशा नियमांचे परीक्षण एखाद्या बखरीच्या किंवा ऐतिहासिक नाटकाच्या परीक्षणाइतक्याच गंभीरपणे झाले पाहिजे, असे आम्हांस वाटते.

प्रस्तुत विषय आहे तो इंग्लंड-अमेरिकेत विशेष रुजलेल्या वसाहतकालीन युद्धखेळाचा. सहा फूट लांब आणि चार फूट रुंद असे मेज, त्यावर टेकड्या, ओढे, कुडाची घरे. धातूचे किंवा प्लास्टिकचे बोटभर उंचीचे रंगविलेले शिपाई. अंतर मोजण्याची फीत, फासे, आणि एक नियमपुस्तिका, एवढी या खेळाची सामग्री. विषय बहुधा एकोणिसाव्या शतकातील साम्राज्ययुद्धांचा : झुलूंचा देश, सुदान, अफगाणिस्तान, आणि अधूनमधून हिंदुस्थान. ही पुस्तके आणि हे शिपाई आपल्याकडील तरुणांच्या हाती येणे आता अवघड राहिलेले नाही. कोणते नियम घ्यावेत, कोणते शिपाई घ्यावेत, असा प्रश्न ते विचारू लागले तर त्यास उत्तर देणे हे टीकेचे काम आहे. आणि त्या मेजावर पलीकडच्या बाजूला पुष्कळदा आपलेच पूर्वज मांडलेले असल्यामुळे, ते उत्तर निष्काळजीपणे देऊन चालणार नाही.

लहान शिपायांचे आपणांस वावडे नाही. दिवाळीत पुण्या-साताऱ्यापासून बेळगावापर्यंत अंगणाअंगणांत मातीचे किल्ले उभे राहतात; त्यांवर हळीव पेरला जातो, महाराज सिंहासनी बसतात, तटावर मावळे पहारा देतात. पण या किल्ल्याची एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. त्यात शत्रू बहुधा नसतोच. तो देखावा आहे, उत्सव आहे. तेथे हारजीत नाही, म्हणून नियमही नाहीत. पाश्चात्यांच्या मेजास मात्र प्रतिपक्ष लागतो. तो प्रतिपक्ष कोणी खेळायचा, आणि त्याला किती बुद्धी द्यायची, हाच या साऱ्या प्रकरणाचा कळीचा प्रश्न आहे.

या खेळाचा जन्म झाला तेव्हा हा प्रश्न नव्हता. प्रशियाच्या सैन्यातील राइसवित्स या तरुण अधिकाऱ्याने १८२४ मध्ये आपल्या युद्धखेळाचे नियम प्रसिद्ध केले. त्यात शिपाई नव्हते. तांबडे आणि निळे ठोकळे होते. नकाशा एकच, मापे एकच, आणि निवाडा करणारा पंच तिसरा. तांबड्यास जे शक्य ते निळ्यासही शक्य. पुढे एच. जी. वेल्स या इंग्रज कादंबरीकाराने १९१३ मध्ये 'लिटल वॉर्स' हे छोटेखानी पुस्तक लिहून हाच खेळ दिवाणखान्यात आणिला. त्याच्या सैन्यांवर स्प्रिंगच्या तोफांतून खऱ्याच लाकडी गोळ्या सुटत. परंतु ती सैन्ये कल्पित देशांची होती आणि उभय पक्ष समबल होते. हाच वेल्स आपल्या 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स' या १८९८ च्या कादंबरीत, मंगळावरील आक्रमकांपुढे इंग्रजांनाच 'नेटिव्ह' करून दाखवितो आणि टास्मानियातील मूळ रहिवाशांचा युरोपीयांनी केलेला संहार आरंभीच्याच प्रकरणात वाचकांस आठवून देतो. आपला खेळ आणि आपली कादंबरी त्याने एकत्र आणिली असती, तर वसाहतयुद्धांचा खेळ प्रथमपासूनच निराळ्या वळणाने गेला असता. ते झाले नाही. १९६२ मध्ये डोनाल्ड फेदरस्टोन यांच्या 'वॉर गेम्स' या पुस्तकाने हा छंद इंग्लंडात घरोघर नेला, खेळाडू खऱ्या इतिहासाकडे अधिक वळले, आणि तांबड्या-निळ्या ठोकळ्यांतील ती जुनी समता मागे पडली.

वसाहतकालीन नियमांत आजही आदराने ज्याचे नाव घेतले जाते ते 'द सोर्ड अँड द फ्लेम' हे लॅरी ब्रॉम या अमेरिकन गृहस्थांचे, १९७९ मधील. खेळ म्हणून त्याची रचना मोठी चतुर आहे. पत्त्यांच्या जोडातून पान उलटावे; तांबडे निघाले तर एका पक्षाची एक तुकडी हलते, काळे निघाले तर दुसऱ्याची. किती हलते तेही फासे ठरवितात. त्यामुळे ज्याने पाच चाली पुढे योजून ठेविल्या आहेत त्याची तुकडी ऐन वेळी ओढ्यात अडकून पडते, आणि ज्याने काहीच योजिले नाही त्याच्या पदरात अनपेक्षित विजय पडतो. युद्धातील अनिश्चितता इतक्या अल्प साधनांनी क्वचितच कोणी साधली असेल. शिवाय दोन्ही पक्ष दोन माणसांच्या हाती असतात आणि पत्त्यांचा जोड दोघांसही सारखाच वागवितो. हा या नियमांचा मोठा गुण आम्ही मानतो.

परंतु त्यांचा स्थायी रस कोणता, असे विचारले तर साहसी बोलपटाचा, असेच म्हणावे लागेल. १९३९ चा 'गंगादिन' आणि १९६४ चा 'झुलू' हे चित्रपट ज्यांनी पाहिले असतील त्यांस तो लगेच ओळखू येतो. तुतारी वाजते, तांबडे कोट रांग धरतात, डोंगराच्या माथ्यावर भाले दिसू लागतात. ही रांग त्या डोंगराखाली कशासाठी आली, हे विचारण्याची सोय त्यात नाही. २२ जानेवारी १८७९ रोजी इसांडल्वाना येथे झुलूंनी तेराशेच्या आसपास माणसे कापून इंग्रजांची छावणी बुडविली. त्याच दिवशी व रात्री रोर्क्स ड्रिफ्ट येथे दीडशेच्या आतबाहेर माणसांनी झुलूंचा हल्ला परतविला, आणि अकरा व्हिक्टोरिया क्रॉस दिले गेले. बोलपटाने या दोन घटनांतील दुसरी प्रथम उचलिली. मेजानेही तिलाच अधिक वेळा उचलिले आहे. मूठभरांनी असंख्यांस थोपविणे हे दृश्य खेळण्यास सोपे आणि अभिमानास सुखकर असते. तथापि इसांडल्वाना खेळावयाचे तर झुलू सेनानींच्या बुद्धीची दखल घ्यावी लागते : गवताळ दऱ्यांतून वीस हजार माणसे नकळत आणणे, रेड्याच्या शिंगांप्रमाणे दोन बाजूंनी वेढा टाकणे, गोळीबार सुरू असता जमिनीशी चिकटून पडणे आणि संधी मिळताच तुकड्यातुकड्यांनी पुढे सरणे. धावत सुटणे म्हणजे हे नव्हे.

याच्या अगदी उलट वृत्तीचे नियम म्हणजे हॉवर्ड व्हाइटहाउस यांचे 'सायन्स व्हर्सेस प्लक'. विषय सुदानचा, महदीविरुद्धच्या मोहिमांचा. येथे सारेच खेळाडू ब्रिटिश अधिकारी होतात आणि महदीचे सैन्य पंच चालवितो. समोर काय आहे हे कोणास नीट दिसत नाही. वरिष्ठाची आज्ञा कनिष्ठास वेळेवर पोहोचत नाही. पाणी संपत जाते. सेनापतीच्या अज्ञानाचे इतके प्रामाणिक चित्रण आम्हांस दुसरे ठाऊक नाही, आणि आपण एकाच बाजूने पाहत आहोत हे लेखक लपवीतही नाही. मात्र या प्रामाणिकपणाची किंमत मोठी आहे. पलीकडचा मनुष्य येथे मनुष्य राहत नाही. तो वाळूचे वादळ होतो, तहान होतो, दैवी कोप होतो. नोव्हेंबर १८८३ मध्ये शैकान येथे हिक्सच्या सुमारे दहा हजारांच्या सैन्याचा नाश झाला तो वादळाने नव्हे. पाण्यापासून त्यास दूर ठेवावे, दिवसेंदिवस त्याची कड कुरतडावी आणि थकल्यावरच त्यावर तुटून पडावे, असा निर्णय माणसांनी घेतला होता. आणि शत्रूकडून घेतलेल्या बंदुका त्यांच्या हाती होत्या. तो निर्णय घेण्याचा ताण या खेळात कोणीच अनुभवीत नाही. पंच तो घेईल, पण पंचास हरण्याची भीती नसते.

अलीकडचे लोकप्रिय नियम डॅन मर्सी यांचे 'द मेन हू वुड बी किंग्ज', सन २०१६. पुस्तक लहान, भाषा सुबोध, शिपाई थोडे लागतात. नवशिक्यास खर्चाच्या दृष्टीने हेच सोयीचे. प्रत्येक तुकडीच्या नायकास स्वतंत्र स्वभाव देण्याची त्यांची कल्पना रंजक आहे. पण तुकड्यांच्या वर्गवारीत 'नियमित', 'अनियमित' आणि 'टोळीवाले' असे भेद आहेत. आणि आपण कोणास कोणत्या खणात टाकतो यावर सारे अवलंबून राहते. एकट्याने खेळू इच्छिणाऱ्यासाठी त्यात एक योजना दिली आहे, तिला 'मिस्टर बॅबेज' असे नाव आहे. चार्ल्स बॅबेज हा गणकयंत्राची कल्पना मांडणारा इंग्रज गणिती. मनुष्य गोऱ्यांचे सैन्य चालवितो आणि 'नेटिव्ह' सैन्य या बॅबेजच्या तक्त्याने आपोआप चालते. सोय म्हणून हे ठीकच. पण एवढ्या विनोदी नावाखाली या साऱ्या परंपरेचा दोष किती स्पष्ट उघडा पडला आहे! एका पक्षास मन, दुसऱ्यास यंत्र.

न्यायबुद्धीने सांगावयाचे तर निराळा मार्ग धरणारेही आहेत. ख्रिस पीअर्स यांच्या नियमांचे 'डेथ इन द डार्क कॉन्टिनेन्ट' हे नाव जुन्याच संस्काराचे आहे. परंतु आत आफ्रिकेतील सत्तांचा विचार त्यांच्या त्यांच्या शस्त्रांनिशी आणि युद्धपद्धतींनिशी केलेला आढळतो, आणि युरोपीय मनुष्य मेजावर नसतानाही तेथे लढाई होऊ शकते. मुखपृष्ठावरून पुस्तकाची परीक्षा करू नये, याचे हे चांगले उदाहरण आहे.

आता या कसोटीवर आपल्या ओळखीची एक लढाई घासून पाहू. २३ सप्टेंबर १८०३ रोजी, हल्लीच्या जालना जिल्ह्यात भोकरदनजवळ, केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात असईची लढाई झाली. एकीकडे आर्थर वेलस्लीची सुमारे ४,५०० ची कवायती फौज आणि तिच्यासोबत म्हैसूरचे व पेशव्यांच्या बाजूचे स्वार. दुसरीकडे दौलतराव शिंदे व नागपूरकर भोसले यांचे सैन्य, त्यात पोलमन या हानोव्हरच्या अधिकाऱ्याच्या हाताखालील कवायती पलटणी आणि सुमारे शंभर तोफा. वेलस्ली अनपेक्षित ठिकाणी नदी उतरून बगलेवर आला. अशा वेळी शिंद्यांच्या फौजेने गोंधळून जावे, अशी त्याची अपेक्षा होती. तसे झाले नाही. पोलमनच्या पलटणींनी आपली सारी आघाडी वळवून नव्या दिशेला तोंड केले. शत्रूसमोर संपूर्ण आघाडी फिरविणे ही कवायतीतली अत्यंत अवघड गोष्ट. त्यानंतर तोफखान्याने जो मारा केला त्याने इंग्रजांची चौऱ्याहत्तरावी पलटण जवळजवळ नष्ट झाली. गोलंदाज तोफांपाशीच मेले. काही तर मेल्याचे सोंग घेऊन पडून राहिले आणि शत्रूची रांग पुढे जाताच उठून त्यांनी तोफा तिच्या पाठीवर फिरविल्या. वेलस्लीची मृत, जखमी व बेपत्ता मिळून १,५०० हून अधिक माणसे गेली. पुढे वॉटर्लू जिंकलेला हा सेनापती आपल्या सर्वोत्तम लढाईचे नाव विचारले असता असईचेच घेई, हे प्रसिद्धच आहे.

ही लढाई 'शिस्तबद्ध गोरे आणि बेशिस्त काळे' या साच्याच्या कोणत्याही नियमाने खेळून पाहावी. पोलमनची ती कलाटणी जमणारच नाही. कारण नियमाने शिंद्यांच्या पलटणीस ती बुद्धी दिलेलीच नसते. गोलंदाज पहिल्याच माऱ्यात पळतील. कारण त्यांच्या धैर्याचा आकडा आधीच उतरविलेला असेल. अशा मेजावर वेलस्लीचा विजय सोपा होतो, आणि म्हणून क्षुद्रही होतो. प्रतिपक्षाची उंची कापली की जेत्याचीही आपोआप कापली जाते, एवढे तरी या नियमकारांच्या लक्षात यावयास हवे होते.

असईसाठी आम्ही निवड करू ती रिक प्रीस्टली आणि जर्व्हिस जॉन्सन यांच्या २००९ च्या 'ब्लॅक पावडर' या नियमांची. त्यात प्रत्येक तुकडीचे मारगिरीचे, हातघाईचे, धैर्याचे आणि दमाचे आकडे खेळाडूंनी स्वतः इतिहास वाचून ठरवावयाचे असतात; सेनापतीच्या योग्यतेचाही आकडा असतो, आणि त्याने दिलेली आज्ञा दोन फाशांच्या दानावर पाळली जाते, वा पाळली जात नाही. पोलमनच्या पलटणींस कंपनीच्या शिपायांच्या तोडीचे आकडे द्यावेत, तोफखान्यास त्याहून वरचे; आणि दूर उभ्या असलेल्या हजारो स्वारांच्या सरदारास मात्र अतिशय खालची योग्यता द्यावी. कारण सत्य तेच आहे. शिंदे-भोसल्यांचे अफाट घोडदळ त्या दिवशी जवळजवळ बघतच राहिले, आणि स्वतः स्वामी रणांगणावर नव्हते. आपल्या बाजूचा अभिमान म्हणून हे झाकून ठेवणे हा दुसऱ्या टोकाचा तोच दोष होईल. मराठे नेहमी जिंकतीलच असे नियम उद्या कोणी आपल्याकडे रचले, तर त्यांचीही आम्ही याच शब्दांत निर्भर्त्सना करू.

आणखीही एक गोष्ट आहे, जी कोणत्याच मेजावर नीट येत नाही. १८०३ च्या त्या युद्धात गव्हर्नर जनरलच्या जाहीरनाम्याने शिंद्यांच्या चाकरीतील ब्रिटिश अधिकाऱ्यांस नोकरी सोडून येण्याचे आमिष दाखविले आणि ते निघूनही गेले. उत्तरेकडील सेनापती पेराँ हा तर स्वतःच इंग्रजांच्या स्वाधीन झाला. रँडॉल्फ कूपर यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या मोहिमांवरील ग्रंथात असे प्रतिपादन केले आहे की, निर्णय शस्त्रांच्या श्रेष्ठतेने झाला नाही. पगार, कर्ज आणि भाडोत्री फौजेचा बाजार कोणाच्या हाती होता यावर तो झाला. फासा पडण्यापूर्वीच पटावरील सोंगट्या विकत घेतल्या गेल्या होत्या. ज्या खेळात लढाईच्या आधी खजिन्याचा आणि फितुरीचा डाव मांडता येईल, तोच या युद्धाशी खरा प्रामाणिक राहील. सुज्ञ खेळाडूंनी हा पूर्वरंग स्वतः रचून नियमांस जोडावा.

नियमांकडून आता मूर्तींकडे वळू. इंग्लंडात १८९३ मध्ये विल्यम ब्रिटन यांच्या कारखान्याने पोकळ ओतकामाची रीत काढिली : वितळलेले शिसे साच्यात ओतावयाचे, कडा गोठताच आतले शिसे पुन्हा ओतून काढावयाचे. त्यामुळे शिपाई हलके व स्वस्त झाले आणि साम्राज्याच्या साऱ्या पलटणी इंग्रज मुलांच्या जमिनीवर उभ्या राहिल्या, त्यांच्यासोबत झुलूही. आज युद्धखेळात सर्वांत रूढ मूर्ती २८ मिलिमीटरची, म्हणजे इंचाहून किंचित उंच. याहून लहान पंधरा आणि सहा मिलिमीटरच्याही मिळतात. मोठी लढाई मांडावयाची तर लहान मूर्ती बरी, चकमक मांडावयाची तर मोठी, हा साधा हिशेब आहे. सावधगिरीची गोष्ट एवढीच की, अठ्ठावीसचे माप प्रत्येक कारखानदार आपापल्या परीने मोजतो. दोन ठिकाणच्या मूर्ती शेजारी ठेविल्या तर एक बाप आणि दुसरा मुलगा वाटतो.

आपल्या देवळांच्या छायेत वाढलेल्यांस मूर्तीच्या प्रमाणाची दृष्टी निराळी शिकवावी लागत नाही. आपल्या शिल्पशास्त्रात मुखाच्या मापाने मूर्ती मोजतात. नवताल मूर्ती नऊ मुखांची, विनायक पंचताल. प्रमाण भावावर ठरते, केवळ शरीरावर नव्हे. मेजावरच्या शिपायाचेही तसेच आहे. तो हातभर अंतरावरून ओळखू यावा म्हणून त्याचे डोके आणि हात मुद्दाम मोठे करतात. सारे शरीर जेमतेम सहा मुखांत बसते. हा दोष नव्हे, त्या कलेची ती गरज आहे. दोष असतो तो भावात. गोरा शिपाई गुडघा टेकून नेम धरतो आहे, बंदूक भरतो आहे, जखमी सोबत्यास आधार देतो आहे. त्याच्या प्रत्येक मूर्तीस निराळा उद्योग आहे. झुलू किंवा सुदानी मात्र बहुधा तोंड वासून, हात उंचावून धावतोच आहे. शंभर मूर्ती आणि एकच भाव ! जो कधी थांबत नाही, ऐकत नाही, आज्ञा देत नाही, त्यास बुद्धी असेल असे पाहणाऱ्याच्या मनात यावे तरी कसे?

वेषातही अशीच चूक होते. झुलू योद्धे पिसांचा आणि शेपट्यांचा संपूर्ण साज समारंभात घालीत. रणात जाताना त्यातील बराचसा उतरवून ठेवीत. मूर्तिकारास मात्र तो साज आवडतो. रोर्क्स ड्रिफ्टवर चाल करून गेलेल्यांत उथुल्वाना पलटणीचे चाळिशी उलटलेले, घरसंसाराचे पुरुष होते. मेजावर सारेच विशीतले दिसतात. म्हणून मूर्ती निवडताना वयाचा फरक, उभे राहण्याचा फरक आणि हातांतील शस्त्रांचा फरक जेथे दिसेल तेथेच पैसे खर्चावेत. या दृष्टीने इंग्लंडातील मायकेल व अ‍ॅलन या पेरी बंधूंचे सुदानी शिपाई आम्हांस वाखाणण्याजोगे वाटतात. अभ्यास करून घडविलेल्या मूर्तीत, ती शत्रूची असो वा मित्राची, एक प्रकारचा आदर आपोआप उतरतो. महदीच्या अनुयायांचा ठिगळांचा जुब्बा हा मुळात आपल्याकडील बैराग्याच्या कंथेप्रमाणे दारिद्र्यव्रताचे चिन्ह होता, पुढे तोच गणवेश झाला. हे ज्यास ठाऊक आहे तो ती ठिगळे रंगविताना हात जपून चालवील. ज्यास ठाऊक नाही तो त्यांस विदूषकाचा झगा समजेल. गणपतीच्या शाळेत डोळ्यांची आखणी शेवटी आणि कसलेल्या हातानेच होते, कारण तेथे मूर्ती पाहू लागते. इंचभर शिपायालाही हा न्याय लागू आहे.

शिपायांनंतर भूमी. हिंदुस्थान मेजावर आला की टेकडीवर एक देऊळ येते, आणि ते बहुधा भग्न असते : खांब कललेले, वेली चढलेल्या, आत कोठे तरी रत्नजडित मूर्ती, जी हस्तगत करणाऱ्यास गुण मिळावयाचे. 'गंगादिन' बोलपटातील कालीच्या देवळाचीच ही प्रतिकृती. हे आम्ही केवळ भाविकतेने बोलत नाही. सोळाव्या शतकात कुठ्ठाळीहून मंगेश प्रियोळास आणि केळशीहून शांतादुर्गा कवळ्यास ज्यांच्या पूर्वजांनी नेली, त्या वाचकांस मोडलेले देऊळ हे नेपथ्य वाटू शकत नाही. ते कोणी मोडले, मूर्ती कोणी वाचविली आणि पूजा खंडित होऊ नये म्हणून काय सोसले, या प्रश्नांसह ते डोळ्यांपुढे येते. मेजावर देऊळ अवश्य असावे. पण ते नांदते असावे. तेथे तळे असावे, अग्रशाळा असावी, आणि त्याच्या रक्षणास गुण मिळावेत. एवढ्या फरकाने सारी लढाई बदलते.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, हा खेळ आहे, त्यात इतके काय शोधावयाचे? त्यास उत्तर आरंभीच दिले आहे. खेळात मनुष्य सावध नसतो. म्हणूनच खेळातून शिकलेले ग्रंथातून शिकलेल्यापेक्षा खोल रुजते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ओम्दुर्मान येथे २ सप्टेंबर १८९८ रोजी एका सकाळीत दहा हजारांच्या आसपास माणसे यांत्रिक तोफांनी आणि बंदुकांनी मारली गेली, आणि मारणाऱ्यांकडील मृत पन्नासही नव्हते. अशा संहाराचा खेळ करावाच का? आमचे मत असे की, ओम्दुर्मानचा करू नये. जेथे एका पक्षास निर्णयच उरला नव्हता तेथे खेळ नाही, केवळ मोजदाद आहे. परंतु जेथे दोन्ही पक्षांपुढे वाटा होत्या, तेथे प्रतिपक्षाच्या आसनावर बसून पाहणे हे पाप नव्हे. आपल्या दशावतारी खेळात राक्षसाची भूमिका कच्च्या नटाकडे जात नाही. ज्याचा आवाज भरदार आणि पदन्यास पक्का, त्यालाच ती मिळते. प्रतिनायक तोलाचा नसेल तर नायकाचे नाटक उभे राहत नाही, हे आपल्या खेळियांस केव्हाच कळले आहे.

शिवाय, मेजाच्या कोणत्या बाजूस आपण, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. असईस वेलस्लीकडेही मराठे स्वार होते आणि त्याच्या पायदळात बहुसंख्य मद्रासचे शिपाई होते. २२ मार्च १८८५ रोजी सुदानात तोफ्रेक येथे महदीच्या पक्षाने अकस्मात छापा घातला तेव्हा ज्यांनी टिकाव धरिला त्यांत पंधरावी शीख आणि अठ्ठाविसावी मुंबई या हिंदी पलटणी होत्या. साम्राज्याच्या रांगेत आपण होतो, आणि त्या रांगेसमोरही आपणच होतो. हा इतिहास एका रंगाच्या पत्त्यावर मावत नाही.

तेव्हा निवड कशी करावी? नियम असे घ्यावेत की ज्यांत दोन्ही पक्ष माणसे खेळतील, ज्यांत कोणाच्याही धैर्याचा आकडा त्याच्या वर्णावरून ठरणार नाही, आणि ज्यांत जिंकणे म्हणजे काय हे दोन्ही पक्षांसाठी निरनिराळे सांगता येईल. कारण आपला मुलूख राखणाऱ्याचा विजय आणि तो घेणाऱ्याचा विजय ही एकाच मापाची गोष्ट नव्हे. मूर्ती अशा घ्याव्यात की ज्यांतील शत्रूही थांबतो, विचार करतो, म्हातारा होतो. आणि कोणतेही नियम विकत घेतल्यावर त्यांची एकच परीक्षा करावी : पहिला डाव संपताच खेळाडूंनी खुर्च्या बदलून तोच डाव पुन्हा मांडावा. ज्याने वेलस्ली चालविला त्याने आता पोलमन चालवावा. दुसऱ्या डावात त्यास आपण केवळ हरण्यासाठी बसविले गेलो आहोत असे वाटले, तर ते पुस्तक मिटवून ठेवावे. आणि नद्यांच्या त्या बेचक्यात आघाडी वळविताना आपणही जिंकू शकतो अशी आशा त्याच्या मनात क्षणभर जरी उभी राहिली, तर नियम चांगले आहेत असे खुशाल समजावे.